विद्या गुरूची, नाव सैतानाचे

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी राज्यात एक कथा सांगतात. रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णी तरुण होता. त्याला गिटार वाजवण्याचा भारी सोस, पण हात अगदीच कच्चा. एका मध्यरात्री तो आपले वाद्य घेऊन चव्हाट्यावर जाऊन बसला. तिथे एक धिप्पाड काळा पुरुष आला. त्याने गिटार हातात घेतली, तारा लावून दिल्या, आणि मोबदल्यात त्या तरुणाचा आत्मा लिहून घेतला. तरुण परतला तो असा वाजवीत परतला, की ज्यांनी त्याला हसून हुसकून लावले होते त्यांनी तोंडात बोटे घातली. पुढे १९३८ साली, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी तो वारला, तेव्हा सावकाराने आपली वसुली केली असे लोक म्हणाले.

गोष्ट मोठी झकास आहे. तिकाटण्यावर उतारा टाकणाऱ्या आणि अवसेच्या रात्री तिथून जाताना पाऊल झपझप उचलणाऱ्या आपल्या लोकांना ती फोड करून सांगावी लागत नाही. पण ती इतकी झकास आहे, की तिच्याखाली तो गवई आणि त्याची विद्या दोन्ही दडपून गेली आहेत. या गोष्टीने तीन अन्याय केले, असे माझे म्हणणे आहे. एक रॉबर्टवर, दुसरा त्याच्या गुरूवर आणि तिसरा त्या कलेवर. ते ध्यानात यायचे तर आधी ही विद्या आहे तरी काय, आणि ती शिकायची म्हणजे काय करायचे, हे पाहिले पाहिजे.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या सपाट मुलखाला तिकडे डेल्टा म्हणतात. काळी जमीन, कापसाचे मळे, आणि गोऱ्या मालकाच्या शेतात बटाईने राबणारी, हिशेबात वर्षानुवर्षे बुडालेली काळी कुटुंबे. या कुटुंबांच्या शनिवारच्या रात्रींतून जे गाणे वाढले ते ब्लूज. डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या बँडमास्तराने १९४१ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो, की १९०३च्या सुमारास टटवायलरच्या स्टेशनावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत तो पेंगत होता. शेजारी एक फाटका माणूस येऊन बसला आणि गिटारच्या तारांवर सुरी टेकवून वाजवू लागला. हवाई बेटांचे वादक पोलादी कांबीने वाजवीत, तोच हा प्रकार. सुरी नसेल तेव्हा लोक बाटलीची मान कापून, कडा घासून, ती नळीसारखी बोटात घालीत. फ्रेड मॅकडॉवेल नावाच्या शेतकरी वादकाने आधी चाकू, मग गुराच्या बरगडीचे हाड आणि शेवटी काचेची नळी वापरली. घरच्या भिंतीला केरसुणीची तार ठोकून, तिच्याखाली बाटली सारून, एकाच तारेवर पोरे पहिले धडे घेत.

ज्यांनी विचित्रवीणा ऐकली आहे त्यांना या वाजवण्याचे मर्म चटकन कळेल. बोटाने तार दाबायची नाही, वरून काच सरकवायची. मींड हा इथे अलंकार नसून बोलण्याची रीतच आहे. त्यासाठी तारा एरवीपेक्षा निराळ्या लावतात. एक पद्धत अशी, की सहा तारा सा-प-सा-ग-प-सा अशा बोलाव्यात. दुसरीत त्या प-सा-प-सा-ग-प अशा बोलतात. पहिलीला ते लोक 'वेस्टापोल' म्हणतात, दुसरीला 'स्पॅनिश'. ही नावे आली कुठून? एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत वाजणाऱ्या दोन छापील गतींवरून. त्यांतली एक क्रिमियाच्या युद्धातील सेबास्टोपोलच्या वेढ्यावर रचलेली होती, दुसरी होती स्पॅनिश फँडँगो. दिवाणखान्यातली तार मळ्यातल्या झोपडीपर्यंत पोचली ती एका हातातून दुसऱ्या हातात जात. शिकवणाऱ्यांची सबंध साखळी या दोन नावांत जपून राहिली आहे.

आता शिकणाऱ्याची गोष्ट. गिटारला पडदे असतात आणि एरवी बोट पडद्याच्या अलीकडे दाबले की सूर आपोआप नेमका लागतो. नळीला हा आधार नाही. ती पडद्याच्या अगदी डोक्यावर यावी लागते. केसभर अलीकडे राहिली तर सूर उतरतो, केसभर पुढे गेली तर चढतो. जोर दिला तर तार पडद्यावर खडखडते, फारच हलकी धरली तर सूर फुसका निघतो. नळीच्या मागची बोटे तारांवर हलकेच टेकवून ठेवायची, नाहीतर मागचा तारेचा तुकडाही कुईकुई करू लागतो. उजव्या हाताने हव्या त्या तारा बोलू द्यायच्या आणि नकोत त्या तिथल्या तिथे मिटवायच्या, आणि हे सगळे चालू असता अंगठ्याने खर्जाच्या तारेवर ठेका धरायचा. तो थांबता कामा नये, कारण घरभर माणसे नाचत असतात.

एवढे साधले तरी खरी परीक्षा पुढेच आहे. ब्लूजमधला गांधार कोमल म्हणावा तर किंचित चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला असतो. वेस्टापोल पद्धतीत वरच्या तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या पडद्यांच्या मधल्या बिनखुणेच्या जागेत तो कुठेतरी राहतो. गाण्याची कोणती ओळ चालली आहे त्यावर तो सरकतोही. तिथे डोळा उपयोगाचा नाही. कान तयार लागतो, आणि कान तयार होतो तो तयार माणसाजवळ बसून.

बरे, एवढी उस्तवार कशासाठी? ज्याने १९२७ साली डॅलस येथे ध्वनिमुद्रित झालेली आंधळ्या विली जॉन्सनची 'डार्क वॉज द नाइट' ही तबकडी ऐकली आहे, तो हा प्रश्न पुन्हा विचारणार नाही. हा जॉन्सन निराळा, आणि तो ब्लूजवाला नव्हे, भजने गाणारा. पण काच सरकवण्याची विद्या तीच. नाव एका जुन्या स्तोत्राचे, विषय ख्रिस्ताच्या अखेरच्या रात्रीचा. परंतु तो शब्द एकही उच्चारीत नाही. नुसता हुंकारतो, कण्हतो, आणि गिटार त्याच्या मागोमाग तोच हुंकार पुरा करते. कंठ कुठे थांबला आणि तार कुठे सुरू झाली ते कळत नाही. नळी घालून गिटार वाजवण्याचे प्रयोजन हे आहे. गळ्याला जे पुरे म्हणवत नाही ते तारेने म्हणायचे. ज्याची तार अशी बोलत नाही, त्याच्या बोटांची चपळाई मी तरी कसरतीतच जमा करीन.

आता पुन्हा रॉबर्टकडे येऊ. सन हाउस हा डेल्टातला नामांकित वादक. त्याने म्हातारपणी सांगितलेली हकीकत अशी, की १९३०च्या सुमारास शनिवारच्या नाचांत हा पोरगा त्याच्या आणि त्याचा जोडीदार विली ब्राउन याच्या पायांशी बसून टक लावून पाहत असे. हे दोघे विश्रांतीला उठले की तो गिटार उचली आणि असा गोंगाट करी, की लोक ती काढून घ्यायला सांगत. मग तो नाहीसा झाला, आणि परतला तो तयार होऊन. दंतकथेला हवी होती ती फट एवढीच, गैरहजेरीची.

त्या गैरहजेरीत तो होता कुठे? १९३० साली त्याची तरुण बायको बाळंतपणात मूल आणि स्वतः दोन्ही जिवांनिशी गेली होती. त्यानंतर तो आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या बाजूला गेला. तिथे आइक झिमरमन नावाचा एक वादक राहत होता. त्याने रॉबर्टला घरात ठेवून घेतले. झिमरमनच्या मुलीने पुढे संशोधकांना सांगितले, की हे दोघे रात्री जवळच्या कबरस्तानात जाऊन वाजवीत. कारण अगदी घरगुती होते. तिथे शांतता असे आणि कुणाची झोपमोड होत नसे. कॉनफोर्थ आणि वॉर्डलो या दोघा संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हे सारे आले आहे.

म्हणजे मध्यरात्र होती, थडगी होती, आणि समोर बसून शिकवणारा एक पुरुषही होता. फक्त तो सैतान नव्हता. लेकुरवाळा गृहस्थ होता आणि दुसऱ्याच्या पोराला घरात जेवूखाऊ घालून शिकवीत होता. या माणसाची एकही तबकडी निघाली नाही. त्याची विद्या उरली ती शिष्याच्या हातात, आणि ती मात्र गेली सैतानाच्या खाती. मी पेशाने मास्तर. त्यामुळे मला हे जरा अधिक झोंबते, हे कबूल केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष पुरावा, म्हणजे गाणे पाहा. रॉबर्टची 'क्रॉस रोड ब्लूज' १९३६ साली नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ येथे ध्वनिमुद्रित झाली. नाव चव्हाट्याचे, म्हणून लोक तिलाच साक्षीला काढतात. पण त्या गाण्यात सैतान औषधालाही सापडत नाही. त्यात एक माणूस चव्हाट्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो आहे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना तो हात करतो, एकही थांबत नाही. दिवस मावळतो आहे. त्या काळच्या दक्षिणेत अनोळखी रस्त्यावर अंधारात सापडलेल्या काळ्या माणसाला भुताखेतांपेक्षा माणसांचे भय अधिक होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर या मावळतीने काटा येतो. आणि बुडत असताना तो निरोप धाडतो कुणाला? विली ब्राउनला. ज्याच्या पायांशी बसून तो पाहत असे, त्याच विली ब्राउनला! गिटारीच्या ओढलेल्या सुरांतही बडेजाव नाही. ते अर्ध्यावर तुटतात, हाक मारून थकलेल्या माणसासारखे. 'कम ऑन इन माय किचन' या दुसऱ्या गाण्यात तर तो मध्येच गाणे थांबवून बोलत्या आवाजात वाऱ्याकडे लक्ष वेधतो, आणि पुढचे काम नळी करते. ही समज सौद्यात मिळत नाही.

कोणी म्हणेल, ही कथा त्याच लोकांची आहे, ती मोडणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे. चव्हाट्यावरच्या सौद्याची गोष्ट टॉमी जॉन्सन या आणखी एका गायकाबद्दल त्याच्या सख्ख्या भावानेच सांगितली होती. मळ्यात कवडीमोल ठरलेल्या माणसाने आपल्या कलेभोवती असे भय उभे करावे, यात एक मानही आहे. तेव्हा कथा सांगणाऱ्यांशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते १९६१ साली रॉबर्टची गाणी मोठ्या तबकडीवर पुन्हा निघाल्यानंतर ती कथा उचलून धरणाऱ्या शहरी रसिकांशी. काळ्या मजुराच्या अंगी वर्षानुवर्षांचा अभ्यास, पाठांतर, निवड, गुरुसेवा असू शकते, हे मानण्यापेक्षा सैतान मानणे त्यांना सोपे गेले.

आणि ही विद्या शिकता-शिकवता येते, याचा दाखला त्याच दशकात घडला. १९६४ साली सन हाउस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहरात सापडला. त्याने कित्येक वर्षे गिटारला हात लावला नव्हता, आपली गाणीही तो विसरला होता. तेव्हा अॅल विल्सन नावाचा एकवीस वर्षांचा गोरा पोरगा, ज्याने त्याच्या जुन्या तबकड्या घोटून पाठ केल्या होत्या, त्याच्यासमोर बसला आणि त्याचीच गाणी त्याला आठवून देऊ लागला. १९६५ सालच्या ध्वनिमुद्रणात म्हातारा पुन्हा गर्जला. मला यात मोठे समाधान वाटते. मात्र त्यात एक इशाराही आहे. विल्सनने सूर परत दिले. प्रिय स्त्रीच्या मरणाचे पत्र हातात घेऊन चाललेल्या माणसाचा जो आवाज त्या ध्वनिमुद्रणातील 'डेथ लेटर' या गाण्यात आहे, तो हाउसचा स्वतःचाच होता. आज शिकणारे जुन्या तबकडीतली प्रत्येक खरखरसुद्धा बरहुकूम उतरवतात आणि तिलाच साधना समजतात. शुद्धलेखनाची वही सुबक झाली म्हणजे निबंध आला असे होत नाही. फ्रेड मॅकडॉवेल एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा आळवी, आणि दर खेपेला तिचा अर्थ थोडा पुढे सरके. नवशिक्याने आधी ती एक ओळ धरावी.

शेवटी आपल्या घरचा एक धागा सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, पृथ्वीवरच्या माणसांची ओळख म्हणून. तिच्यात आंधळ्या विलीचा तो हुंकार आहे, आणि आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. केसरबाईंचे नाव निघाले की आपण पाठोपाठ अल्लादियाखाँसाहेबांचे नाव घेतो, आणि जुने लोक ते घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. बाईंचा तो दमदार स्वर कुणा वेताळाने दिला असे म्हणण्याचे धाडस आपल्याकडे कोणी करणार नाही. त्यामागची वर्षानुवर्षांची तालीम आपल्याला ठाऊक असते. रॉबर्ट जॉन्सन ऐकताना आपण एवढेच करावे, की झिमरमन मास्तरांचे नाव घ्यावे आणि कानाला हात लावावा. सैतानाचे काय, त्याच्या नावावर जमा करायला जगात दुसरी पुष्कळ कृत्ये आहेत.