एकच कच्चा माल, दोन निष्कर्ष : बीटल्सचा 'गेट बॅक' संशोधकाच्या नजरेने

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत असाल. संशोधन पद्धतीच्या पेपरात 'निवडीचा पूर्वग्रह', 'पश्चातबुद्धी' असले शब्द आपण पाठ करतो, बरोबर पर्यायावर खूण करतो आणि विसरून जातो. मला ते खऱ्या अर्थाने कळले ते एका रॉक बँडवरचा आठ तासांचा माहितीपट बघताना. म्हणून आज पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक'बद्दल. गाणी आवडत नसली तरी वाचा, काम डेटाचं आहे.

आधी थोडक्यात गोष्ट

लिव्हरपूलचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी १९५७ मध्ये भेटले. पुढे जॉर्ज हॅरिसन आला, १९६२ मध्ये ड्रमवर रिंगो स्टार आला. १९६४ पर्यंत अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. १९६६ मध्ये त्यांनी दौरे थांबवले, १९६७ मध्ये त्यांचा मॅनेजर ब्रायन एप्स्टाइन वारला आणि १९७० मध्ये बँड फुटला.

आपला प्रश्न मधल्या एका महिन्याचा आहे. जानेवारी १९६९ मध्ये चौघं लंडनला नवी गाणी बसवायला जमले आणि दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉगने ते सगळं टिपलं. सुमारे ६० तासांचं चित्रण आणि १५० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. यातून १९७० मध्ये 'लेट इट बी' हा साधारण ८० मिनिटांचा चित्रपट निघाला. तो बघून जगाने ठरवलं की हा बँड मोडताना दिसतोय. त्याच मालातून २०२१ मध्ये जॅक्सनने तीन भागांचा 'गेट बॅक' केला. तो बघून लोक म्हणाले, अरे, हे तर मजेत होते!

मग खरं काय? घाईने उत्तर देऊ नका.

प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत होता

'लेट इट बी' पडद्यावर आला मे १९७० मध्ये. त्याच्या महिनाभर आधी पॉल वेगळा झाल्याची बातमी छापून आली होती. म्हणजे लोक चित्रपट बघायला गेले तेच फुटीची कारणं शोधायला. पॉल-जॉर्जची गिटारवरून झालेली बाचाबाची त्यांना पुरावा वाटली. प्रत्यक्षात या चित्रणानंतर त्याच चौघांनी 'ॲबी रोड' हा अख्खा अल्बम केला होता. प्रसिद्धीचा क्रम आणि घटनांचा क्रम वेगळा होता. शोधनिबंध वाचताना हीच गफलत आपणही करतो: आधी छापलेलं ते आधी घडलेलं असं धरून चालतो.

आता गंमत बघा. १० जानेवारीला जॉर्ज खरोखर बँड सोडून निघून गेला होता, काही दिवसांनी परतला. 'उदास' म्हणून ओळखल्या गेलेल्या १९७० च्या चित्रपटात हे नाहीच. 'आनंदी' म्हणून गाजलेल्या 'गेट बॅक'मध्ये मात्र ते तारखेसकट आहे. उदासी किंवा आनंद एका प्रसंगातून येत नाही, आजूबाजूला काय ठेवलं त्यातून येतो. तारीखवार मांडणी हे जॅक्सनचं सर्वांत मोठं यश. कंटाळवाणे तास, चहा, वर्तमानपत्रं, अर्धवट चाली हे सगळं त्याने राहू दिलंय. योको ओनोमुळे बँड फुटला ही जुनी समजूत इथे आपोआप ढिली पडते, कारण ती बहुतेक वेळ जॉनशेजारी शांत बसलेली दिसते. शेजारी असणं आणि कारण असणं यात फरक आहे.

जॅक्सनलाही गुण कापायला हवेत

पहिला मुद्दा कालावधीचा. 'गेट बॅक'चा कळस म्हणजे ३० जानेवारीची गच्चीवरची मैफल, आणि गोष्ट जवळपास तिथेच थांबते. त्यानंतरच्या महिन्यांत मॅनेजर ॲलन क्लाइनवरून पडलेली फूट, सप्टेंबरमध्ये जॉनने खासगीत 'मी सोडतोय' असं सांगणं, वर्षभराने पॉलची कोर्टकचेरी, हे चौकटीबाहेर. रुग्ण बरा वाटेपर्यंतच नोंदी घेतल्या तर औषध लागू पडलंच म्हणायचं.

दुसरा मुद्दा, जिथे आवाज होता पण चित्र नव्हतं तिथे त्याने दुसऱ्या क्षणांची चित्रं वापरलीत. तिसरा मुद्दा नैतिक. जॉन आणि पॉलचं जॉर्जबद्दलचं खासगी बोलणं कुंडीत लपवलेल्या माइकवर टिपलेलं आहे. ऐकताना थरारून जायला होतं, पण संमतीचं काय? चौथा, निर्मात्यांत पॉल, रिंगो आणि उरलेल्या दोघांच्या पत्नी आहेत. हितसंबंध असले म्हणजे निष्कर्ष खोटा होत नाही. वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवायचे असतात.

आणि पुनर्मीलन?

चौघं पुन्हा एकत्र आलेच नाहीत. १९८० मध्ये जॉनची हत्या झाली. १९९४-९५ मध्ये उरलेल्या तिघांनी त्याच्या घरगुती कॅसेटवर काम करून गाणी पुरी केली. 'नाऊ अँड देन' मात्र सोडून दिलं, कारण आवाज आणि पियानो एकाच ट्रॅकवर होते, वर खरखर. २००१ मध्ये जॉर्ज गेला. पुढे 'गेट बॅक'साठी एकात एक मिसळलेले आवाज सोडवायचं यंत्रशिक्षणाचं तंत्र तयार झालं. नुसता फिल्टर इथे चालत नाही, कारण पियानो आणि गळा एकाच वारंवारतेच्या पट्ट्यात येतात. कुठला अंश कोणाचा हे ओळखायला शिकवावं लागतं. त्याने जॉनचा आवाज सुटा झाला आणि २०२३ मध्ये गाणं आलं. जॉनचा गळा १९७० च्या दशकातला, जॉर्जची गिटार १९९५ ची, पॉल आणि रिंगो अलीकडचे. 'एआय'ने नकली जॉन बनवला अशी आवई उठली, ती चूक होती: यंत्राने आवाज निर्माण केला नाही, होता तो वेगळा काढला. मला गाणं आवडतं. पण याला पुनर्मीलन म्हणताना तळटीप हवी.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? दुसऱ्या वर्षीच्या प्रगती अहवालात मी १२ पैकी ३ आलेख लावले होते. तिन्ही खरे. उरलेल्यांपैकी चारांत कल उलटा होता आणि मला कोणी विचारलं नाही. 'गेट बॅक' बघितल्यावर मी स्वतःला विचारलं, मी 'लेट इट बी' केलाय का? पुढच्या अहवालात बाराही लावले. त्या चारांचं कारण अजून सापडलेलं नाही. समितीसमोर अर्धा तास घाम फुटला, पण झोप नीट लागली.

निवड टाळता येत नाही. ६० तास कोणी बघणार नाही. काय कापलं आणि का कापलं, एवढं तरी लिहून ठेवा. आजच वहीचं शेवटचं पान त्यासाठी राखा.