स्मशानांतील सोनें आणि खाणींतील भाकरी

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेचा विषय निघाला कीं बहुतेक वाचक तींतील मढें, कोल्हीं आणि काळोखी रात्र यांविषयींच बोलूं लागतात. बीभत्स रसाचा नमुना म्हणून ती वाखाणलीहि जाते. आमच्या मतें ती मूलतः खाणीची कथा होय.

वारणाकांठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरालगत डोंगरांत दगड फोडून बायकामुलीचें पोट भरीत असतो. खाण एकाएकीं बंद पडते, आणि मगच तो प्रथम चितेच्या राखेंत व पुढें पुरलेल्या प्रेतांत सोनें धुंडूं लागतो. खाणींतील दिनक्रम लेखकानें फारसा वर्णिला नाहीं, ही तक्रार रास्त आहे. तो दिनक्रम दिसतो भीमाच्या हातांत: मढें उकरतांना कामीं येणारें बळ, पहार धरण्याची संवय, हें सारें खाणीचेंच देणें. (आम्हां नाशिककरांस हें सहज उमजावें. काळारामाचा काळा पाषाण रामशेजच्या खाणींतून आला असें सांगतात. मंदिर बांधविणाऱ्या सरदार ओढेकरांचें नांव आपणांस पाठ आहे, दगड फोडणाऱ्याचें एकहि नाहीं.)

१८९६ सालीं कॅनडाच्या अतिउत्तरेस क्लोंडाइक येथें सोनें सांपडलें. दुसऱ्याच वर्षीं जॅक लंडन तेथें गेला, आणि १८९८ मध्यें सोन्याऐवजीं स्कर्व्ही घेऊन परतला. त्याच्या कथांतील बर्फ, कुत्रीं व लांडगे वाचकांनीं डोक्यावर घेतले. पण तेथील खणक हिवाळाभर लांकडें पेटवून गोठलेली जमीन वितळवीत असे, थोडी खणून पुन्हा पेटवीत असे, आणि उकरलेल्या मातीचा ढीग वसंतांत पाणी सुटल्यावर धूत असे. हें कंटाळवाणें जिणें कोणाच्या ध्यानांत राहिलें? अण्णाभाऊंच्या कथेंत साहस हेंच दुर्दैव आणि मजुरी हेंच सुख.

शेवटीं प्रेताच्या जबड्यांत अडकलेलीं भीमाचीं दोन बोटें तोडावीं लागतात, आणि त्याच दिवशीं खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. योगायोग ओढूनताणून आणला आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु खाण बंद करणारा आणि उघडणारा मालक भीमाला विचारून कांहींच करीत नाहीं. मजुराला दोन्ही गोष्टी सारख्याच आकाशांतून पडाव्या तशा भासतात. आमचा आक्षेप निराळा आहे. भीमा लहान मुलासारखा रडतो, येथें लेखणी थांबावयास हवी होती. तो कां रडतो हें लेखक पुढच्याच वाक्यांत सांगून टाकतो.