नसलेल्या गावाची आगगाडी

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या अंगणात किल्ला उभा राहू लागतो. दगड, विटा, पोत्याचे फाटके तुकडे आणि वरून लाल मातीचा चिखल. उतारावर अळीव पेरायचे, माथ्यावर महाराजांना बसवायचे आणि पायथ्याशी मावळे, गवळण, भाजीवाला या सर्वांना काळावेळाचा हिशेब न ठेवता शेजारी शेजारी उभे करायचे. गेल्या वर्षी माझी भाची किल्ला करीत होती आणि मी ओटीवर संगणक घेऊन आगगाडीचा एक मार्ग बांधीत होतो. दोघेही सारखेच गुंतलेलो. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते, माझे कोरडे होते, एवढाच फरक. पण मला जे सांगायचे आहे ते या कोरड्या हातांविषयीच आहे.

आगगाडी चालवण्याचा आभास निर्माण करणारे हे खेळ आता घरोघरच्या मुलांना ठाऊक आहेत. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. २००१ साली मायक्रोसॉफ्टने असा एक खेळ काढला. त्यात सहा मार्ग होते आणि सहाही खरे होते. इंग्लंडातला सेटल-कार्लाइल, ऑस्ट्रियाच्या डोंगरातला, अमेरिकेतल्या मारायस खिंडीतला, जपानातले दोन, असे. पण त्याच्या जोडीला मार्ग बांधण्याची अवजारेही दिली होती, आणि हौशी माणसे गाडी चालवण्यापेक्षा त्या अवजारांतच अधिक रमली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ट्रेन्झ नावाचा दुसरा खेळ आला. त्यातल्या मार्ग बांधण्याच्या विभागाचे नावच मुळी ‘सर्व्हेअर’ आहे. त्यात प्रथम ७२० मीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक कोरा, सपाट चौकोन तुमच्यापुढे येतो. तो ओढून डोंगर करा, दाबून दरी करा, वर रूळ टाका. चौकोनाला चौकोन जोडीत जा, म्हणजे देश तयार होतो. आपल्याकडच्या शौकिनांनीही भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग या खेळांसाठी तयार केले आहेत.

वाङ्मयाच्या अंकात या खेळाला जागा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, जो माणूस नसलेले गाव वसवतो आणि त्याला स्टेशन देतो, तो कादंबरीकाराच्याच वाटेने चाललेला असतो, आणि त्याच्यापुढचा प्रश्नही तोच असतो : कल्पिताला खरेपणा येतो तो कोठून?

असे पुष्कळ कल्पित मार्ग मी पाहिले आहेत. त्यांतील बहुतेकांत एकच दोष आढळतो. बांधणाऱ्याला जे जे आवडते ते सगळे तिथे असते. एका वळणावर धबधबा, दुसऱ्यावर कमानींचा पूल, लगेच बोगदा, बोगद्यातून बाहेर येताच समुद्र. लग्नात सगळे दागिने एकदम अंगावर घातलेल्या नवरीसारखा तो मार्ग अवघडून बसतो. झाडाचे पान न् पान रेखलेले असते, इंजिनाचा आवाज अस्सल असतो. फक्त या गाडीत बसणार कोण, ही मालगाडी कसला माल कोठून कोठे नेते, याचे उत्तर नसते. प्रत्येक तपशील खरा आणि सगळे मिळून खोटे, असा हा प्रकार आहे. आपल्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांतही तो आढळतो.

याउलट खरा घाट पाहा. बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. सर्वांत कडक चढ ३७ ला १. म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. हजारो मजुरांचे प्राण त्या कामात गेले. एके ठिकाणी तर डोंगराच्या सोंडेवर वळायला जागाच उरली नाही. तेव्हा तिथे उलट-स्थानक बांधावे लागले : गाडी आत जायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढायची. १९२९ साली मार्ग बदलेपर्यंत ही कसरत चालू होती. ते स्थानक कोणी शोभेसाठी बांधले नव्हते. डोंगराने नकार दिला आणि त्या नकारातून ते निर्माण झाले.

त्याच सह्याद्रीच्या पायथ्याने गेलेली कोकण रेल्वे बघा. १९९८ साली ती संपूर्ण सुरू झाली. तिच्या बांधणाऱ्यांनी वेगवान गाड्या डोळ्यांपुढे ठेवल्या, आणि म्हणून चढ १५० ला १ पेक्षा अधिक नको, वळण सव्वा किलोमीटर त्रिज्येपेक्षा तोकडे नको, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. मग डोंगराला वळसा घालण्याची सोय उरली नाही. डोंगरातूनच जावे लागले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा त्या बंधनाचे फळ आहे. पर्वत तोच, पण बंधने निराळी, म्हणून दोन मार्गांचे चेहरे निराळे. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवादलयीच्या जोडीला विरोधलय सांगितली ती का, हे मला या दोन लोहमार्गांकडे पाहून अधिक नीट कळले.

संगणकावर हा विरोधच नाही. बोगदा फुकट, पूल फुकट, मजूर मरत नाहीत. मग हौशी रचनाकाराने करावे काय? विरोध स्वतःच उभा करावा. याचे उत्तम उदाहरण संगणकाच्या फार आधीचे आहे. ‘थॉमस’ हे निळे इंजिन आमच्या घरच्या लहानग्यांनाही परिचित आहे. त्याचे जनक विल्बर्ट ऑड्री हे इंग्लंडातले पाद्री. त्यांच्या आगगाड्यांच्या गोष्टी १९४५ पासून पुस्तकरूपाने येऊ लागल्या, आणि बालवाचक त्यांतल्या चित्रांतील आणि ठिकाणांतील विसंगती दाखवू लागले. ऑड्री यांनी मुलांचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. ‘सोडॉर अँड मॅन’ असे चर्चच्या एका प्रांताचे नाव आहे. त्यांतील मॅन बेट नकाशावर आहे, सोडॉर नावाचे बेट नाही. ती रिकामी जागा त्यांनी आपल्या गाड्यांना दिली. भाऊ जॉर्ज यांना हाताशी धरून त्या बेटाचे डोंगर, खाणी, बंदरे, माणसे, त्यांचा इतिहास असे सगळे रचले, आणि १९८७ साली त्याचा स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. यानंतर ऑड्रींना हवे तिथे स्टेशन टाकता येईना. त्यांच्याच बेटाने त्यांचा हात धरला. कल्पित खरे होते ते असे.

आता माझ्या मार्गाविषयी. माझे आजोळ घाटमाथ्याच्या थोडे खाली, डोंगराच्या उतारावर आहे. रेल्वे येणार, रेल्वे येणार, असे म्हणत तिथे तीन पिढ्या गेल्या. रूळ आले नाहीत. आजीने शेवटपर्यंत आगगाडी पाहिली ती दुसऱ्यांच्या गावात. तेव्हा मी ठरवले की, निदान माझ्या मार्गावर तरी आजोळाला स्टेशन द्यायचे. खऱ्या उंचीच्या आकड्यांवरून जमीन उठवली, खालच्या बंदरापासून ४० ला १ चा चढ घेतला आणि आजीच्या घरासमोर फलाट बांधला. गाडी थांबली. मला विलक्षण समाधान झाले.

भाची चिखलाचे हात घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “मामा, घर कुठंय?”

घर नव्हते. स्टेशनाची जागा जवळजवळ सपाट लागते. आपल्या रेल्वेचा दंडक ४०० ला १ पेक्षा अधिक उतार तिथे चालू देत नाही, नाहीतर उभे डबे आपोआप चालू लागतील. लांब गाडीसाठी सहाशे मीटरांची सपाटी हवी. ती मिळवण्यासाठी मी बोटाच्या एका दाबाने डोंगराची सोंड छाटली होती. तिच्याबरोबर आजीचे घर, विहीर आणि देवराई, सगळे वीस मीटर खोल खोदाईत गेले होते. जिच्यासाठी स्टेशन बांधले तिचेच अंगण मी पुसून टाकले होते, आणि मला ते दिसलेही नव्हते.

त्या रात्री मी सोंड पुन्हा उभी केली. सपाट जागा शोधत गेलो ती चार किलोमीटर खाली, नदीच्या वळणावर सापडली. स्टेशन तिथे हलवले. आजोळी रूळ का आले नाहीत, हेही मला त्या शोधात प्रथम उमगले. तीन पिढ्यांच्या गाऱ्हाण्यातला थोडा भाग तरी त्या डोंगराच्या पदरात टाकावा लागेल.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितले आहे. मला वाटते, कल्पित मार्ग बांधणाऱ्यानेही तेच पाहावे : इथे माणसे कशाने जगतात, ओझे कोठून निघते, जमीन कोठे नाही म्हणते. तेवढे पाहिले की धबधबा नसला तरी चालतो.

सकाळी किल्ल्यावर पाहतो तो भाचीने माथ्याजवळ एक करवंटी पुरून तीत पाणी भरले होते. ते टाके खालून कोणाला दिसणार नव्हते.

गावापासून दूर असलेल्या स्टेशनांच्या नावापुढे आपल्याकडे ‘रोड’ हा शब्द लावण्याची रीत आहे. सावंतवाडी रोड हे त्यातलेच. माझ्या नव्या स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर मी आजोळाचे नाव लिहिले आणि त्यापुढे ‘रोड’ लिहिले. तिथून वर जाणारी पायवाटही काढली आहे. गाडीतून उतरून तास-सव्वा तास चालले की आजीचे घर येते.