शेवटच्या पानावर ती काय करते?

मराठीत खोडकर मुलासाठी लाडाचे शब्द भरपूर आहेत. हूड, व्रात्य, वांड, खट्याळ. यातला कुठलाही शब्द एखादी आजी नातवाबद्दल हसत हसत वापरते. तेच उद्योग नातीनं केले की शब्द बदलतात. ती आगाऊ, भोचक, अतिशहाणी, शेफारलेली होते. पटकन उत्तर देणारा मुलगा हजरजबाबी ठरतो आणि तेच उत्तर देणारी मुलगी तोंडाळ. ‘चुणचुणीत’ हा एक बरा शब्द तिच्या वाट्याला येतो, पण तोही बहुतेक वेळा सांगितलेलं काम चटकन करणाऱ्या मुलीसाठी.

अशा आगाऊ मुलींना पुस्तकांनी मात्र फार प्रेमानं जागा दिली. त्यांच्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय, आणि आज तर पुस्तकाच्या दुकानात लहान मुलांच्या कपाटासमोर उभं राहिलं की दुर्बीण, तलवार, नाहीतर भूतकाळात जायचं यंत्र घेतलेल्या मुली रांगेत दिसतात. आनंदच आहे. पण ‘नायिका हुशार आणि धीट आहे’ एवढ्यानं पुस्तक चांगलं होतं का? मला या पुस्तकांची एक वेगळी परीक्षा महत्त्वाची वाटते. पहिल्या दहा प्रकरणांत ती काय करते हे बघू नका, तिथे सगळ्याच जणी धमाल करतात. शेवटच्या पानावर ती काय करते ते बघा. (इथून पुढे सगळ्या पुस्तकांचे शेवट सांगितले आहेत. स्पॉइलर नको असतील तर आधी पुस्तकं वाचून या.)

सुरुवात जो मार्चपासून करावी लागेल. लुइसा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ 1868 आणि 1869 अशी दोन भागांत आली आणि शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’मुळे ती मराठी घरांत पोचली. चार बहिणींतली जो ही लेखिका होऊ पाहणारी, धसमुसळी, संतापी मुलगी. आजारी वडिलांकडे जाणाऱ्या आईच्या हाती पैसे देता यावेत म्हणून ती आपले केस कापून विकते. वाचणाऱ्या बहुतेक मुलींना चौघींतली जोच व्हायचं असतं.

आता तिचा शेवट बघा. दुसऱ्या भागात जो न्यूयॉर्कला जाऊन वर्तमानपत्रासाठी सनसनाटी कथा लिहिते, पैसे मिळवते. वयानं बराच मोठा असलेला प्रोफेसर भेअर अशा कथांबद्दल नापसंती दाखवतो आणि जो त्या जाळून टाकते. पुढे ती त्याच्याशी लग्न करते आणि वारशात मिळालेल्या मोठ्या घरात शाळा काढते. ती शाळा मुलग्यांची असते. खुद्द अल्कॉटच्या मनात जोनं अविवाहित राहावं असं होतं. पण पहिला भाग वाचून ‘जोचं लग्न कुणाशी होणार’ असं विचारणारी पत्रं मुलींनीच पाठवली, तेव्हा तिनं लग्न लावून दिलं, मात्र वाचकांना हवं होतं तसं शेजारच्या लॉरीशी नाही. अल्कॉटनं स्वतः आयुष्यभर लग्न केलं नाही. तिनंही सनसनाटी कथा लिहिल्या, टोपणनावानं छापल्या आणि त्या पैशांवर घर चालवायला हातभार लावला. म्हणजे लेखिकेनं जे स्वतः केलं, ते करू देणं तिला आपल्या नायिकेच्या बाबतीत परवडलं नाही.

1908 मध्ये आलेल्या एल. एम. माँटगोमेरीच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’चं तेच होतं, फक्त जास्त गोडीनं. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या मॅथ्यू आणि मरिला या भावा-बहिणीला शेतकामासाठी अनाथाश्रमातून मुलगा हवा असतो, चुकून मुलगी येते. लाल केसांवरून चिडवणाऱ्या गिल्बर्टच्या डोक्यात ती पाटी फोडते. अखंड बडबडते, झाडांना आणि तळ्यांना नावं ठेवते, म्हणजे अक्षरशः नवी नावं देते. परीक्षेत चमकते, कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवते. आणि शेवटी मॅथ्यू वारतो, मरिलाची दृष्टी अधू होत जाते, म्हणून ॲन ती शिष्यवृत्ती सोडून गावातच शिकवायला राहते. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, आणि यायलाच हवं. ॲनचा निर्णय खोटा नाही, तो प्रेमातून आलेला आहे. खटकतं ते एवढंच की मुलींच्या पुस्तकांत प्रेम सिद्ध करायचा मार्ग फार वेळा काहीतरी सोडून देण्यातूनच जातो. रस्किन बाँडच्या ‘द ब्लू अंब्रेला’तली गढवालची बिन्या आठवा. गळ्यातलं बिबट्याच्या नखांचं लॉकेट देऊन तिनं निळी छत्री मिळवलेली असते. गोष्टीच्या शेवटी ती छत्री ती तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या दुकानदाराला देऊन टाकते. गोष्ट सुंदर आहे. पण मोठेपणा दाखवायची जबाबदारी तिथेही मुलीवरच येते, आणि दुकानदार चांगला होतो तो तिनं आपली वस्तू दिल्यावर.

मग काहीच न सोडणारी मुलगी कशी दिसेल? याचं सर्वात प्रसिद्ध उत्तर स्वीडनमधून आलं. ॲस्ट्रिड लिंडग्रेननं आजारी लेकीला सांगितलेल्या गोष्टींतून पिप्पी लाँगस्टॉकिंग जन्मली. एका मोठ्या प्रकाशनानं नाकारल्यावर ती 1945 मध्ये दुसरीकडून छापून आली. नऊ वर्षांची पिप्पी एका मोठ्या घरात माकड आणि घोड्यासोबत राहते. अनाथाश्रमात न्यायला आलेल्या पोलिसांना उचलून बाहेर ठेवते. शाळेत जाते ती फक्त एवढ्यासाठी की शाळेत न जाणाऱ्याला नाताळची सुट्टी मिळत नाही, आणि हा तिला अन्याय वाटतो. आजही हे वाचताना खदखदून हसू येतं.

पण पिप्पीला असं जगता यावं म्हणून लेखिकेला काय काय पुरवावं लागलं त्याची यादी करून बघा. आई वारलेली, बाप समुद्रावर, पेटीभर सोन्याची नाणी, घोडा उचलण्याची ताकद, स्वतःच्या मालकीचं घर. यातली एक गोष्ट काढली तरी पिप्पी अनाथाश्रमात जाईल. शिवाय 1948 च्या तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी पिप्पी आणि तिचे दोन मित्र कधीच मोठं न होण्यासाठी गोळ्या गिळतात. त्या गोळ्या म्हणजे साधे वाटाणे असावेत अशी शंका वाचकाला येत राहते. शेवटच्या चित्रात पिप्पी मेणबत्तीकडे एकटक बघत बसलेली असते आणि मग ती फुंकून टाकते. एवढ्या दंगेखोर पुस्तकाचा शेवट इतका उदास का? मला वाटतं, लिंडग्रेनला माहीत होतं की ही मुलगी मोठी झाली तर तिला ठेवायला जगात जागा नाही. तिनं खोटं सांगण्यापेक्षा मेणबत्ती विझवली.

रोआल्ड डालच्या ‘मटिल्डा’चं (1988) प्रकरण आणखी बोलकं आहे. टीव्हीपुढे बसलेल्या आईबापांच्या घरात एक मुलगी चार वर्षांची असताना वाचनालयातली मोठ्यांची पुस्तकं संपवते, बापाच्या टोपीला आतून सुपरग्लू लावते आणि नजरेनं वस्तू हलवायला शिकते. आपल्याला माहीत असलेली मटिल्डा गुणी आहे, तिच्या खोड्या फक्त वाईट लोकांसाठी आहेत. पण डालच्या सुरुवातीच्या खर्ड्यात ती दुष्ट मुलगी होती आणि शेवटी मरत होती. पुस्तक जमत नव्हतं म्हणून त्यानं ते नव्यानं लिहिलं. नव्या मटिल्डाला अद्भुत शक्ती मिळते, ती शक्ती ती आपल्या प्रेमळ बाईंना त्यांचं घर आणि हक्काचे पैसे परत मिळवून द्यायला वापरते, आणि काम झाल्यावर ती शक्ती नाहीशी होते. पुस्तकात याचं कारण दिलंय: वरच्या वर्गात गेल्यावर तिच्या डोक्याला पुरेसं काम मिळू लागतं. हे स्पष्टीकरण मला आवडतं, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. रिकामं ठेवलेलं हुशार डोकं फुटायला बघतं. पण जादू स्वतःसाठी वापरणारी, थोडी स्वार्थी मटिल्डा आपण इतक्या प्रेमानं वाचली असती का? मटिल्डाची जमेची बाजू वेगळी आहे. शेवटच्या पानांवर आपण कुणाकडे राहायचं हे ती स्वतः ठरवते, आणि आईबापांना सोडताना पुस्तक तिला अपराधी वाटायला लावत नाही.

गोट्या किंवा फास्टर फेणेबद्दल हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून एका भानगडीतून दुसऱ्या भानगडीत शिरतो आणि ‘याचं पुढे काय होणार’ अशी काळजी कुणाही वाचकाला वाटत नाही. त्याची धडपड त्याच्यापुरती पुरेशी आहे. मुलीच्या धिटाईला मात्र कारण लागतं, आणि शेवटी हिशेब द्यावा लागतो.

आजची पुस्तकं यातून सुटली आहेत असं वाटत असेल तर 2016 मध्ये आलेलं ‘गुड नाइट स्टोरीज फॉर रिबेल गर्ल्स’ आणि त्याच्यामागून आलेली तशा पुस्तकांची लाट बघा. शंभर स्त्रिया, प्रत्येकीला एक पान आणि एक चित्र. शास्त्रज्ञ, राण्या, खेळाडू. माहिती म्हणून छान. पण झोपण्याआधी रोज एक विक्रम ऐकणाऱ्या मुलीला काय कळतं? बंडखोरी चालेल, पण पुढे पदक आणलंस तर. जो आणि ॲनला हिशेब त्यागानं द्यावा लागला, या मुलींना तो यशानं द्यावा लागतो. नुसतीच आगाऊ असलेली, वर्गात मधल्या बाकावर बसणारी, मोठेपणी कुणीही न होणारी मुलगी या पुस्तकांत कुठेच नाही. आणि वाचणाऱ्या बहुतेक जणी तशाच असणार आहेत.

हिशेब न मागणारं एक पुस्तक मराठी वाचकाला चांगलं माहीत आहे. तेत्सुको कुरोयानागीचं ‘तोत्तोचान’ 1981 मध्ये जपानमध्ये आलं. ती कादंबरी नाही, लेखिकेचंच बालपण आहे. पहिलीतच शाळेतून काढलेल्या मुलीला तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी भेटतात आणि तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! या पुस्तकातलं सगळ्यात मोठं साहस मला हेच वाटतं, आणि ते साहस एक मोठा माणूस करतो. तोत्तोचान सुधारत नाही, तिला सुधारायची अट घालून प्रवेश दिलेला नसतो. ती खिडकीत उभी राहायची ती तशीच असते, फक्त शाळा वेगळी असते. शेवटी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळते. म्हणजे इथेही शेवट दुःखाचा आहे, पण त्या दुःखाची जबाबदारी मुलीच्या स्वभावावर टाकलेली नाही.

याच्याही एक पाऊल पुढे महाश्वेता देवींची मोयना जाते. ‘द व्हाय-व्हाय गर्ल’ हे अगदी छोटं चित्रपुस्तक आहे. मोयना शबर आदिवासी मुलगी, बाबूंच्या शेळ्या राखते आणि दिवसभर ‘का’ विचारत राहते. पाणी आणायला इतकं लांब मीच का जायचं? बाबूंचं उरलेलं मी का खायचं? ॲनच्या कल्पनाशक्तीइतकेच हे प्रश्न चपळ आहेत, पण इथे आगाऊपणा ही स्वभावातली गंमत राहत नाही. तो जात, मजुरी आणि भूक यांना भिडतो. मग मोयनाला शिकायचं असतं, पण शाळेच्या वेळेला शेळ्या चारायला न्यायच्या असतात. ती शाळेची वेळच बदलायला सांगते. मी वर ज्यांची नावं घेतली त्यातल्या कुणाच्याही डोक्यात हे आलेलं नाही. शेवटी मोयना अठरा वर्षांची आहे आणि त्याच शाळेत शिकवते. ॲनही शेवटी शिकवतेच. पण ॲन काहीतरी सोडून तिथे पोचते आणि मोयना काहीतरी मिळवून.

मोयना वाचताना पुण्याची मुक्ता साळवे आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आम्हाला धर्मग्रंथ वाचायची बंदी असेल तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. जो मार्च कागदावर यायला अजून तेरा वर्षं होती. मराठीतली पहिली आगाऊ मुलगी कल्पनेतली नव्हती, आणि ती वरच्या जातीतलीही नव्हती. तिचा हा एकच निबंध आज आपण वाचतो. पुढची पानं नाहीत. तिच्या वयाच्या मुलांसाठी तिच्यावर एक धमाल, न रडवणारी, पुतळा न करणारी कादंबरी लिहायला मराठीत केवढी जागा आहे!

लिंडग्रेननं मेणबत्ती फुंकली तो प्रश्न मात्र तिनं सोडून दिला नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर, 1981 मध्ये, तिनं ‘रोन्या’ लिहिली. रोन्या दरोडेखोरांच्या सरदाराची एकुलती एक लेक. शत्रूच्या मुलाशी, बिर्कशी, तिची मैत्री होते. बाप त्याला पकडतो, तेव्हा ती दरी ओलांडून शत्रूच्या बाजूला उडी मारते. बाप म्हणतो, मला मूल नाही. ती घर सोडून गुहेत राहायला जाते. आणि मग मुलींच्या पुस्तकांत क्वचित घडणारी गोष्ट घडते: बाप जंगलात येतो, रडतो, घरी चल म्हणून विनवतो. ती जाते, पण बापाची गादी घ्यायला नकार देते. शेवटच्या पानांवर पुन्हा वसंत आलेला असतो, ती पुन्हा गुहेत असते आणि आनंदानं मोठ्यानं ओरडते. तिच्याकडे सोन्याची पेटी नाही, जादू नाही, गोळ्या नाहीत. ती मोठी होते आहे आणि तिचा आवाज शाबूत आहे.

तेव्हा भाचीसाठी, पुतणीसाठी, शेजारच्या चिमुरडीसाठी पुस्तक घ्याल तेव्हा कव्हरवरच्या तलवारीवर जाऊ नका. शेवटचं प्रकरण आधी चाळा. तिथे मुलगी शहाणी झाली आहे की भोवतालची माणसं, एवढं बघा. मुलीला हुशार आणि धीट लिहिणं आता अवघड राहिलेलं नाही. तिच्यासाठी शाळेची वेळ बदलणारं पुस्तक लिहिणं अजून अवघड आहे.