जात्याचा फेरा आणि संगणकाचे आवर्तन

मौखिक रचनेचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा एका द्वंद्वाचा आधार घेते. एका बाजूला लिखित, स्थिर आणि कर्त्याच्या नावाने ओळखली जाणारी संहिता. दुसऱ्या बाजूला मौखिक, प्रवाही आणि अनामिक रचना. जात्यावरची ओवी अर्थातच दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. ही विभागणी कितपत टिकते, हे एका अनपेक्षित क्षेत्राच्या साहाय्याने तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते क्षेत्र म्हणजे 'लाइव्ह कोडिंग', आणि विशेषतः दूरस्थ वादकांनी इंटरनेटच्या आधारे एकत्रितपणे केलेले लाइव्ह कोडिंग.

संगणकासाठीची आज्ञावली श्रोत्यांदेखत लिहायची, ती चालू असतानाच बदलत राहायचे आणि या बदलांतून संगीत घडवायचे, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. लिहिली जाणारी ओळ पडद्यावर दिसावी, असा त्यात संकेत आहे. वादक दूरदूरच्या शहरांत असतात तेव्हा एक अडचण उद्भवते. ध्वनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला सुमारे ३० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला, की लय सांभाळणे कठीण होते. म्हणून अनेक प्रणालींत ध्वनी पाठवलाच जात नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील डेव्हिड ऑगबर्न यांच्या पुढाकाराने घडलेली 'एस्च्युअरी' ही प्रणाली या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे सर्वांसमोर एकच लेखन असते, कोणीही त्यात बदल करू शकतो, आणि प्रत्येकाचा संगणक त्या लेखनावरून आपापल्या जागी ध्वनी निर्माण करतो. प्रवास करते ती घडणीची सूचना. नाद मात्र ज्याच्या-त्याच्या ठिकाणी उमटतो.

या क्षेत्रातील एक प्रमुख भाषा म्हणजे ॲलेक्स मॅक्लीन यांनी रचलेली 'टायडल सायकल्स'. तिच्यात काळाचे मूळ एकक आवर्तन हे आहे. एका आवर्तनात दोन घटक ठेवले तर ते त्याचे दोन भाग करतात, पाच ठेवले तर पाच. त्यामुळे निरनिराळ्या घनतेच्या रचना एकाच आवर्तनात नांदू शकतात. हिच्या लेखनपद्धतीवर 'बोल प्रोसेसर' या आधीच्या प्रणालीचा प्रभाव आहे. लखनौ घराण्याचे तबलावादक उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकणारे जेम्स किपेन आणि फ्रेंच अभियंता व संगीताभ्यासक बर्नार्ड बेल यांनी १९८० च्या दशकात कायद्याच्या विस्ताराचे व्याकरण मांडण्यासाठी ही प्रणाली वापरली. संगणकाने रचलेला विस्तार ग्राह्य की अग्राह्य, याचा निर्णय उस्ताद देत आणि त्यानुसार व्याकरण सुधारले जाई. तबल्याचा बोल उच्चारला जातो, लिहिला जातो आणि वाजवला जातो. तो लिखित की मौखिक, हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो. बोल ही कृतीची सूचना असते.

हेच बेल पुढे बीड जिल्ह्यातील माजलगावात येऊन पोहोचले, हा या विवेचनातील महत्त्वाचा दुवा होय. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास बेल या कार्यात सहभागी झाले. ओव्यांची संगणकीय सूची आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण त्यातून उभे राहिले. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये याच उपक्रमात मुद्रित झाल्या. २०१७ पासून हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने क्रमशः प्रकाशात आणला.

आता जात्याकडे वळू. दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच, फेरा एकच. एक वैरण घालते, एक ओळ उचलते. दुसरी तिला साथ देते. पहिली ओळ पुन्हापुन्हा घोळवली जाते आणि तेवढ्या अवधीत पुढची ओळ जुळते. 'गं', 'बाई' अशा भरीच्या शब्दांनी ओळ फेऱ्याच्या मापात बसवली जाते. येथेही आवर्तन आधी आणि शब्द नंतर. परंतु ओवी छापताना आपण प्रथम हीच पुनरावृत्ती गाळतो. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून आपल्या संग्रहांत ओव्या विषयवार लावल्या गेल्या: आई, भाऊ, सासर, माहेर. या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यातून ओवी ही दोन ओळींची कविता म्हणून वाचण्याची सवय समीक्षेला जडली. 'साधी', 'उत्स्फूर्त' ही आपली ठरीव विशेषणे त्या सवयीतूनच आली आहेत. कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर उरलेल्या शेवटच्या ओळीवरून लाइव्ह कोडिंगचे मूल्यमापन करावे, तसे हे आहे.

दूरस्थता हीदेखील ओवीला परकी नाही. लेक सासरी जाते तेव्हा माहेरच्या ओव्या तिच्याबरोबर जातात. नव्या गावात नवे जाते, नवी जोडीदारीण आणि कदाचित नवी चाल. शब्द आणि घडणीचा नियम प्रवास करतात. आवाज मात्र त्या-त्या घरातला असतो. एकमेकींना कधीही न भेटलेल्या स्त्रिया अशा रीतीने एकाच रचनेत भर घालत राहिल्या. या जाळ्यात विलंब वर्षांचा असला तरी तो बाधक ठरत नाही, कारण फेरा ज्या-त्या घरी स्वतंत्रपणे फिरतो.

हे साम्य ताणू नये. संगणकावरचे सहवादन स्वेच्छेचे असते. त्यातून केव्हाही उठता येते. दळण संपेपर्यंत जात्यावरून उठता येत नव्हते. पिठाच्या गिरणीने ते कष्ट थांबवले, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. शिवाय कोणाच्या जात्याशी कोण बसणार, हे गावाच्या जातिव्यवस्थेने ठरवलेले असे. भीमनगरातल्या ओव्यांचा आशय या वस्तुस्थितीपासून वेगळा काढता येत नाही.

येथेच कर्तृत्वाचा प्रश्न धारदार होतो. लाइव्ह कोडिंगमध्ये एकाची ओळ दुसरा बदलतो, तिसरा पुसतो. तरीही सहभागी कलावंतांची नावे छापली जातात आणि त्या रचनेला कोणी अनामिक म्हणत नाही. मग सहरचना हेच ओवीच्या अनामिकतेचे कारण कसे मानायचे? राईरकर-पॉइतवाँ यांच्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. यावरून असे म्हणावे लागते, की अनामिकता हा ओवीचा गुणधर्म नव्हता. तो बऱ्याच अंशी संकलनाच्या रीतीचा परिणाम होता. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि आपल्या समीक्षेने ती उत्साहाने स्वीकारली. परंतु जिला कर्तेपण कधी दिलेच गेले नाही, तिच्या बाबतीत या घोषणेचा उपयोग काय? बाबासाहेबांचे नाव ओवीत गुंफणाऱ्या दलित स्त्रीला 'लोकमानस' या समूहवाचक शब्दात विरघळवणे ही सैद्धांतिक तटस्थता नव्हे.

म्हणून ओवीच्या अभ्यासाचे एकक सुटी ओवी न मानता दळणाची बैठक मानावी: कोणी ओळ उचलली, कोणी झेलली, कोणती ओळ किती वेळा घोळवली गेली, हे सर्व संहितेचा भाग समजून. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकत वाचण्याची पद्धत आपल्याला घडवावी लागेल, आणि त्या वाचनात गाणाऱ्या दोघींची नावे प्रथम घ्यावी लागतील.