पहिला अंक कुठे आहे? एका सोप्या प्रश्नाची उलटतपासणी

आजचा विषय ऐकून समोरचे काही जण हसले, ते आम्हाला दिसलं. स्ट्रिंगमधला पहिला अंक शोधायचा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? लूप लावा, एकेक अक्षर तपासा, ते ० ते ९ च्या मध्ये बसलं की त्याचा इंडेक्स परत द्या. काहीच सापडलं नाही तर वजा एक द्या. पाच ओळींत काम झालं आणि पूर्ण गुण.

आमची तक्रार या पूर्ण गुणांबद्दल आहे. या उत्तरात तीन निर्णय गुपचूप घेतलेले आहेत: अंक कशाला म्हणायचं, जागा कशात मोजायची आणि अंक नसेल तर काय करायचं. शिकवणारा ते सांगत नाही, शिकणारा विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. पत्त्यांची यादी आहे आणि त्यात एक नोंद आहे: 'घर क्रमांक १२'. पहिला अंक शोधायचा, तिथे स्ट्रिंग तोडायची आणि पुढचा भाग घराचा नंबर म्हणून ठेवायचा. आता आपलं फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. मराठी १ त्याच्या दृष्टीने अंकच नाही. ते वजा एक देतं. पुढची ओळ त्या वजा एकपासून स्ट्रिंग तोडते. पायथनमध्ये वजा एक म्हणजे शेवटचं अक्षर! हाती येतो '२'. गंमत बघा, पायथनचं इंट फंक्शन मराठी अंक व्यवस्थित वाचतं, म्हणून २ निमूटपणे जमा होतो. बारा नंबरच्या घराचं पत्र दोन नंबरला जातं आणि स्क्रीनवर एकही एरर नाही.

याहून वाईट म्हणजे, चाचणीला आपण 'घर क्रमांक ५' दिलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर. अशा चुका वर्षानुवर्षं टिकतात.

आता पहिला निर्णय, अंक कशाला म्हणायचं? इथे भाषांचंच एकमत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं बॅकस्लॅश-डी घ्या. जावास्क्रिप्टमध्ये ते फक्त इंग्रजी ० ते ९ पकडतं. पायथन ३ मध्ये साध्या मजकुरावर ते देवनागरीसह इतर लिप्यांचेही दशमान अंक पकडतं. पायथनच्या इझडिजिट फंक्शनला तर वर लिहिलेला वर्गाचा छोटा २ सुद्धा चालतो. पण तोच छोटा २ इंटला दिला की ते नाकारतं. या कामासाठी योग्य फंक्शन आहे इझडेसिमल. म्हणजे ज्याच्या नावात 'डिजिट' आहे तेच फसवतं. ही नावं ठेवण्यातली चूक आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणू.

दुसरा निर्णय, जागा. 'घर क्रमांक १२' मध्ये १ कितव्या जागी आहे? शून्यापासून मोजू. आपण डोळ्यांनी अक्षरं मोजली तर ७. पायथनला विचारलं तर ११, कारण 'क्रमांक' मधला हलन्त, काना, अनुस्वार हे सगळे त्याला वेगवेगळे. रस्ट किंवा गो भाषेत बाइट मोजतात, तिथे २९, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिन्ही उत्तरं बरोबर. पण एका पद्धतीने मोजलेली जागा दुसरीकडे वापरली, तर शब्द मधूनच तुटतो.

तिसरा निर्णय, अंक नसेल तर? पायथनचं सर्च फंक्शन अशा वेळी 'नन' देतं. त्याच्याकडे जागा मागितली की प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो. विद्यार्थी वैतागतात. आमच्या मते हे उपकार आहेत. खोटी जागा मिळण्यापेक्षा थांबलेलं बरं. उलट, 'जागा मिळाली का?' हे नुसत्या इफ-ने तपासलं तर वेगळाच घोळ. '१२, पहिला मजला' मध्ये जागा शून्य आहे, आणि शून्य म्हणजे 'नाही' असं धरलं जातं.

आता कुणी म्हणेल, नवख्या मुलांवर एवढं ओझं कशाला? मान्य आहे. पाच ओळीच शिकवा. फक्त इंग्रजी अंक स्वीकारणं हेही कित्येकदा योग्यच असतं, ठरावीक साच्यातला कोड तपासायचा असेल तेव्हा. आमचा आग्रह एवढाच, की ते ठरवून झालं पाहिजे. फंक्शनच्या डोक्यावर तीन ओळी मराठीत लिहा: कोणते अंक, मोजणी कशात, नसेल तर काय. आणि चाचणीत एक नोंद आपल्या लिपीतली, दोन आकडी ठेवा. ती एक नोंद असती, तर बारा नंबरचं पत्र बारा नंबरलाच गेलं असतं.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.