आचाऱ्यांचा र

चिकपेटमधल्या दुकानांत मराठी लग्नपत्रिका पाहताना मी आधी ‘येणाऱ्या’ हा शब्द शोधतो. बऱ्याचदा तिथे ‘येणार्या’ असते. हा निव्वळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही: ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले, की स्वयंपाक्याचा मान गुरुजींना जातो.

युनिकोडमध्ये हा अर्धा र ‘ऱ’पासून घडतो, आणि देवनागरीत ‘ऱ’ला जागा मिळाली ती द्राविडी उच्चारासाठी. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर कन्नडचा शकटरेफ आहे, जो आजच्या कन्नडने केव्हाच सोडला. शेजारणीच्या अडगळीतल्या अक्षरावर आमचा अर्थ तोलला आहे. भाषेच्या शुद्धतेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी आधी ती कळ दाबावी. ‘मिरवणाऱ्यांनी’ लिहायलाही तीच लागते.